जीप भरल्याशिवाय सुटत नाही

माझ्या उजव्या पोटरीला साडेअकरा सेंटिमीटर लांबीची जखम झाली, ती सरकारी कामावर असताना झाली. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार आहे. शिरपामाळच्या अलीकडे दोन भावांच्या वाटणीची मोजणी चालू होती. थोरला म्हणाला हद्दीचा दगड इथं होता, धाकटा म्हणाला तिथं होता. दगड खरोखर कुठे होता हे मला कळलं ते मी त्याच्यावर पडल्यावर. दोघांपैकी कोणाचंच म्हणणं बरोबर नव्हतं.

जखमेची लांबी मी स्वतः मोजली. बायकोने विचारलं, "टेप धुतली होती का?" धुतली नव्हती. टाके पिकले ते त्यामुळेच, असं तिचं ठाम मत आहे. पुरावा तिच्याकडे नाही, पण ती स्टाफ नर्स आहे आणि मी पेशंट होतो, त्यामुळे मत तिचंच नोंदलं गेलं.

ती जव्हार-मोखाडा भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते वाचून कोणीतरी भेट द्यायला येईल. केंद्राच्या मागे आमचं क्वार्टर आहे, दारापासून ओपीडीपर्यंत एकशे बारा पावलं. एकोणचाळीस दिवसांची रजा, रोज एक ड्रेसिंग आणि ड्रेसिंगला लागणारी दहा मिनिटं. उरलेला वेळ मी ओपीडीच्या बाकावर, पाय समोरच्या स्टुलावर टाकून काढत असे. हातात घड्याळ होतंच. वही आणायला दुसऱ्या दिवशी बायकोलाच सांगितलं, ही माझी पहिली चूक.

बाकावरून जे दिसलं ते माझ्या स्वभावाला सोसण्यासारखं नव्हतं. रस्त्याकाठच्या गावातली माणसं साडेआठला येत आणि आपला केसपेपर खिडकीच्या कट्ट्यावर एका जुन्या वरवंट्याखाली ठेवत. जीपच्या वारी, म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी, दहाच्या सुमाराला वरच्या पाड्यांची जीप येई. त्यातून उतरलेली माणसंही केसपेपर तिथेच ठेवत, पण केंद्रातली मावशी, म्हणजे झाडण्यापासून पेशंटला धरण्यापर्यंत सगळं करणारी परिचर, ते कागद उचलून सगळ्यांच्या वर ठेवून देई. वर ठेवताना त्यातही काही उलटसुलट करी. कोणी काही बोलत नसे.

डोकं दुखतंय म्हणून आठ वाजून वीस मिनिटांनी आलेला एक शेतकरी दहा पंचावन्नला आत गेला. मी त्याला विचारलं, "दादा, राग नाही येत? तुमचा नंबर गेला."

"कुठं गेला?" तो म्हणाला. "हाय ना मी हितंच." आणि मधल्या वेळात तो घरी जाऊन शेळ्या सोडूनही आला होता.

असे सहा दिवस मी टिपले. आल्याची वेळ, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, मागून येऊन पुढे गेलेले किती. शेवटच्या रकान्याला मी 'अन्याय' असं नाव दिलं आणि रोज त्याची बेरीज करू लागलो. अन्यायाची बेरीज करणारा या तालुक्यातला मी बहुधा पहिला माणूस असेन. बाकीचे नुसता सोसतात.

बायकोने वही पाहिली. "तुम्ही शेतं मोजा. माझी लाईन मोजू नका."

"लाईन आहे कुठे? तो गठ्ठा आहे."

"गठ्ठा तर गठ्ठा. एक वाजेपर्यंत रिकामा होतो ना?"

"पण कसा होतो ते कोणाला माहीत आहे का?"

"नाही. म्हणून तर होतो."

हे उत्तर मी त्या वेळी अडाणीपणाचं समजलो होतो. तसं वहीत लिहिलंही होतं.

त्याच आठवड्यात केंद्रात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शहरातून एक प्रशिक्षक आले. विषय होता 'आरोग्यसेवा: एक जटिल अनुकूलनशील प्रणाली'. मला बोलावलं नव्हतं, पण प्रशिक्षण ओपीडीच्याच खोलीत होतं आणि केंद्रातलं एकुलतं एक स्टूल माझ्या पायाखाली होतं. मला उठवायचं तर त्यासाठीही कोणाची तरी परवानगी लागली असती.

ते गृहस्थ बोलत छान. दवाखाना म्हणजे यंत्र नव्हे, असं म्हणाले. घड्याळ उघडून परत जोडता येतं, जंगल उघडून जोडता येत नाही. दवाखान्यात डॉक्टर, नर्स, पेशंट, नातेवाईक असे सगळे एकमेकांकडे बघून आपापलं वागणं बदलत राहतात, आणि त्यातून कोणीही न आखलेली एक व्यवस्था उभी राहते. अशा ठिकाणी एक खुंटी हलवली तर तिसऱ्याच भिंतीला तडा जातो. मी हे सगळं लिहून घेतलं. मग ते म्हणाले की अशी प्रणाली वरून आदेश देऊन चालत नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक केंद्राने येत्या शुक्रवारपर्यंत अंमलात आणायची आहे, तसा वरून आदेश आहे.

कोणी हसलं नाही. बायको दोन रात्रपाळ्या आणि एक बाळंतपण करून आली होती आणि उघड्या डोळ्यांनी झोपली होती. नर्सला उघड्या डोळ्यांनी झोपता येतं, हे अनुकूलन त्यांच्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

अंमलबजावणीसाठी चौदा रकान्यांचा एक फॉर्म होता. त्यातला नववा रकाना 'स्थानिक नवोपक्रम'. आमचे डॉक्टर म्हणजे नुकताच शिकून सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला सव्वीस वर्षांचा मुलगा. तो फॉर्म घेऊन बाकाजवळ आला.

"काका, रोज काहीतरी लिहीत असता. तुमच्या वहीत नवोपक्रम आहे का हो एखादा?"

होता. टोकन.

सलाईनच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा घेऊन मी दोन इंच बाय दोन इंचाचे साठ तुकडे कापले. प्रत्येकाला कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर भोक पाडलं, शाईने आकडे घातले. दाराशी खिळा ठोकून सगळे ओळीने अडकवले. येईल त्याने वरचं टोकन घ्यायचं आणि आकडा पुकारला की आत जायचं. जो आधी आला तो आधी. यात काय चुकू शकतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. तेही म्हणाले, काय चुकणार. वरवंटा मी मावशीला परत नेऊन दिला. तिने तो पुसून कपाटात जपून ठेवला.

पहिल्या दिवशी पद्धतीची चाचणी म्हणून मी आठ दहाला जाऊन एक नंबरचं टोकन स्वतः घेतलं. पुढेही रोज चाचणी घेत राहिलो.

आकडे सुधारले. टोकन घेतल्यापासून आत जाईपर्यंतचा वेळ माझ्या वहीप्रमाणे कमी झाला आणि 'अन्याय' शून्यावर आला. भांडणंही झाली नाहीत; आधीही होत नव्हती, पण ते कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी खिळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. वरून 'स्तुत्य' असं उत्तर आलं, त्याखाली अंगठेच अंगठे. बायको म्हणाली, "छान." लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत. त्या 'छान'चं वजन मला कळायला हवं होतं.

टोकनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापता थापता म्हणाली, "सात पॉइंट चार आजही परत गेली."

पेशंटची नावं ती घरात घेत नाही, आकड्यांनी बोलते. माझ्याशी संसार करायचा तर ते सोयीचंही पडतं. सात पॉइंट चार म्हणजे पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची सातव्या महिन्यातली बाई. तिच्या अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, तेवढं होतं. नवरा भिवंडीकडे कामाला गेलेला, घरी ती आणि सासू. तिला लोहाच्या इंजेक्शनच्या पाच बाटल्या लावायच्या ठरल्या होत्या, सोमवारी एक आणि गुरुवारी एक, कारण वरच्या पाड्यांच्या जीपचे वार तेच. दोन बाटल्या टोकनच्या आधी लागल्या होत्या. तिसरीसाठी ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा तशीच गेली.

"का?" मी विचारलं.

"टोकन अडतीस होतं. पहिल्यांदा चव्वेचाळीस."

"मग थांबायचं."

"बाटली लावायची, मग अर्धा तास समोर बसवून ठेवायची. एकूण तास जातो. अडतीसपर्यंत यायलाच साडेबारा झाले. बाटली संपेपर्यंत जीप गेली असती. पुढची जीप संध्याकाळी पाचला. मग पाड्याखाली उतरून वरची वाट अंधारात चढायची, सातव्या महिन्यात. तुम्ही चढाल?"

"तिने सकाळी लवकर यावं."

भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. "तिच्या पाड्याखाली जीप किती वाजता भरते, माहीत आहे?"

"किती वाजता सुटते ते विचारून घेतो."

"सुटते किती वाजता ते नाही विचारलं मी. भरते किती वाजता?"

माझ्या वहीत तो रकाना नव्हता.

"बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं," ती म्हणाली. "हिच्याकडे थोडंसुद्धा द्यायला नाही. तुमच्या नवोपक्रमात हे कुठे लिहायचं ते सांगा, मी लिहिते."

गुरुवारी ती बाई आलीच नाही. त्यापुढच्या सोमवारीही नाही. पाड्यावरच्या आशाताईने फोनवरून निरोप दिला की सासू म्हणते, बाटली न लावता परतायचं असेल तर घरीच बसू, तेवढे हेलपाटे तरी वाचतील. हिशेब म्हणून पाहिलं तर यात एकही चूक काढता येत नव्हती.

"पाय बरा झालाय तुमचा," बायको बुधवारी ड्रेसिंग करताना म्हणाली. जखम अजून दोन सेंटिमीटर उघडी होती. "उद्या सकाळी जीप वर जाईल तेव्हा तिच्यातून जा. घेऊन या तिला."

"मी जाऊन काय सांगू?"

"टोकन कोणी केली ते सांगा. पुढचं त्या सासू-सुना सांगतील."

गुरुवारी पावणेसातला मी रिकाम्या जीपमध्ये बसलो. खाली जाताना ती भरते, वर जाताना रिकामी असते. पाड्याखालच्या वळणावर उतरून वाट चढायला मला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. धडधाकट माणसाला तीस लागतील. पोटातलं मूल आणि सात पॉइंट चार एवढं रक्त घेऊन किती लागतील, हे मी वर पोहोचेपर्यंत मनात मांडत होतो.

अंगणात सासू नागली पाखडत होती. इथे साहेबालाही तू म्हणतात. त्यात अपमान नसतो, आणि त्या दिवशी असता तरी चालला असता.

"सिस्टरचा नवरा ना तू? मोजणीवाला?" ती म्हणाली. "आमची जमीन मोजायला आलास?"

"नाही आजी. सुनेला न्यायला आलो."

"कशाला?"

"बाटली लावायला."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी मीच केली होती," मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं. "तू केलीस? अग बाय, बाहेर ये. चिठ्ठीवाला बघ, कसा दिसतो तो."

सून दारात आली. ओठ पांढुरके, पायांवर थोडी सूज. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एक नंबर कोण घेत होता रे रोज? आमी येतो तवा खिळ्यावर बत्तीस-तेहतीसच्या पुढचेच असतात. पण एक नंबर घेणारा माणूस बाकावरच बसलेला दिसायचा. पाय वर करून."

मी खोटं बोलत नाही. "मीच," म्हणालो.

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या घरातली बाई बघायला आली, आणि तिलाही सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं. सांगताना सासूने माझा पाय वर करून बसण्याचा अभिनयही केला. हसून झाल्यावर सून पदर खोचून म्हणाली, "आज लावशील ना पण? मला खरंच दम लागतो आता. पाणी आणताना बसाया लागतं मधी."

"आज लागेल," मी म्हणालो. हा शब्द द्यायचा मला कोणताही अधिकार नव्हता.

जीप भरणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी आतून पाहिलं. वळणावर आम्ही नऊला पोहोचलो तेव्हा आत पाच जण होते. साडेनऊला अकरा झाले. मग चौदा आणि एक कोंबडी. ड्रायव्हरला मी विचारलं की सुटायची वेळ काय, तर तो म्हणाला, "साहेब, जीप भरल्याशिवाय सुटत नाय. ही काय एस. टी. हाय का, रिकामी पळायला?" त्या दिवसांत पाड्यांवरची निम्मी माणसं वीटभट्टीवर आणि बांधकामावर गेलेली असतात, म्हणून भरायला आणखी उशीर. म्हणजे कितीही लवकर उठलं तरी खाली पोहोचणार दहालाच. दवाखान्यापासून दोनशे पावलांवर राहणारा माणूस मात्र साडेआठला येऊन टोकन घेणार. बावीस वर्षं मी अंतर मोजण्याचा पगार घेतो, आणि लाईन मोजताना अंतर हा रकाना घालायचं मला सुचलं नव्हतं.

वाटेत मी सासूला विचारलं, "पूर्वी काय करायचे तुम्ही? आधी कोण, मग कोण, हे कोण ठरवायचं?"

"ठरवायचं काय त्यात? बाटलीवाली आधी जाते, तिला टाईम लागतो. ज्याला नुसती गोळी, तो शेवटी. मंग सगळी एकदम मोकळी. जीप एकदम भरते."

"आणि कोणाला जास्त वेळ लागला तर?"

पुढून ड्रायव्हर म्हणाला, "मंग डोकरीला सुकट घ्यायची आठवण येते. एक माणूस कमी, जीप भरली नाय. मी हॉर्न मारतो, ही दुकानात सुकट निवडत बसते. एक एक मासा बघून घेते."

"वास बघाया लागतो रं," सासू म्हणाली. "तुला काय कळतं."

उरलेल्या रस्त्यात मी हिशेब केला. टोकन आल्यावर पाड्याचा एक माणूस बाराला मोकळा होत होता, दुसरा साडेबाराला, तिसरा एकला. जो बाराला बाहेर आला त्याच्यापुढे मी समाधानाने टिक करत होतो. तो माणूस बाहेर जाऊन जीपमध्ये बसत होता आणि बाकीच्यांची वाट बघत होता. माझ्या वहीत तो सुटला होता. घरी मात्र तो पूर्वीपेक्षा उशिरा पोहोचत होता. मी वाट बघण्याचा वेळ कमी केला नव्हता, बाकावरून उचलून जीपमध्ये नेऊन ठेवला होता, जिथे माझं घड्याळ नव्हतं.

त्या दिवशी बायकोने टोकन न विचारता तिला आत घेतलं आणि तिसरी बाटली लावली. काळ्या चहासारखं ते पाणी थेंब थेंब उतरताना मी पाहिलं. सोमवारी चौथी लागली.

टोकन काढून टाका, असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते घाबरले. "काका, ते आता वर गेलंय. वर गेलेलं खाली कसं आणणार? शिवाय गुरुवारी ते प्रशिक्षक सर स्वतः बघायला येतायत."

जीपमधून आल्यापासून मी खिळ्याकडे फिरकलो नव्हतो; त्या मंगळवारी सवयीने आठ दहाला गेलो तर वरचं टोकन सोळा होतं.

"मावशी, एक ते पंधरा कुठे आहेत?"

"येतायत," मावशी म्हणाली.

"टोकनं येतायत?"

"माणसं येतायत. टोकनं माझ्या कंबरेला हायत." पहिले पंधरा आकडे तिने पिशवीत घालून कनवटीला बांधले होते. आज जीप नव्हती, तरी वरून चालत कोणी आलं तर असावीत, म्हणून. कागदावर क्रम तंतोतंत माझा होता, आत माणसं मात्र पूर्वीच्याच क्रमाने जाणार होती. हे कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, "तू जीपमधून आलास ना, तवापासून. आता सिस्टरचा नवरा काय बोलत नाय, म्हटलं."

गुरुवारी पाचवी बाटली होती. प्रशिक्षक साहेब नऊलाच आले, सोबत फोटो काढणारा एक जण. आल्या आल्या त्यांना दिसलं की टोकन सोळापासून सुरू होतात. एक ते पंधरा हरवली हा त्यांना हलगर्जीपणा वाटला. डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं, मावशीने माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी सुटली. गावातल्या लोकांनी एकपासून टोकन घेतली. दहा पाचला जीप आली तेव्हा सुनेच्या हाती एकेचाळीस नंबर पडला. सासूने तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्यापुढे धरला.

साहेब म्हणाले, "आकडे तुम्हीच पुकारा. पद्धत तुमची आहे, व्हिडिओत तुम्ही हवेत."

चालू नंबर नऊ होता. त्याला बाहेर येऊ दिलं आणि मी पुकारलं, "एकेचाळीस."

सून आत गेली. बायकोने बाटली आधीच टांगून ठेवली होती.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "नऊनंतर दहा."

"नऊनंतर दहाच येतात," मी म्हणालो. "पण दहा नंबरचं घर समोर आहे, तो बघा, दारात उभा आहे. एकेचाळीस नंबर सकाळपासून वाटेत आहे. टोकन चुकीची आहेत. मी केली, मला माहीत आहे."

"पण तुमचे आकडे फार चांगले आलेत."

"आकडे बरोबर आहेत. मी मोजलं ते चुकीचं."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. डॉक्टर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले. मी मग जीप, सुकट, आधी बाटली मग गोळी, सगळं क्रमाने सांगितलं. मला वाटलं होतं साहेब रागावतील. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अहो, पण हेच तर मी शिकवलं होतं तुम्हाला!" ते म्हणाले. "कोणीही न आखलेली व्यवस्था! कोणी बसवली ही पद्धत?"

मावशी म्हणाली, "कोणी नाय. अशीच हाय."

"तसं कसं? फॉर्ममध्ये जनकाचं नाव लागतं. रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नाही."

त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, पान खरोखर उघडेना. मग त्यांनी माझं नाव लिहिलं. जी पद्धत मी तीन आठवडे मोडून ठेवली होती, तिचा जनक मी आहे, अशी सरकारदरबारी नोंद आहे. दुरुस्तीसाठी दोनदा अर्ज केला. अशा दुरुस्तीची तरतूद नाही असं तोंडी कळलं. लेखी द्या म्हटलं, तर लेखी देण्याचीही तरतूद नाही.

टोकनं त्याच दिवशी खिळ्यावरून उतरली आणि जीपची बाकीची माणसं जुन्या क्रमाने आत गेली. बाटली अकरा वाजून पाच मिनिटांनी संपली. पुढची तीस मिनिटं सून बाकावर बसून होती आणि बायको येता-जाता तिची नाडी बघत होती. बाहेर हॉर्न वाजला. सासू कुठे दिसत नव्हती. दुकानात असणार. साहेबांना निघायची घाई होती, त्यांची गाडी जीपमागे अडकली होती आणि जीप एका माणसासाठी थांबली होती. अकरा चाळीसला सून जाऊन जीपमध्ये बसली, मग सासू पुडी घेऊन आली, मग दोन्ही गाड्या हलल्या.

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. नऊ पॉइंट सहा. बायकोने मला बोलावून यंत्रावरचा आकडा वाचायला लावला आणि मग रजिस्टरमध्ये लिहिला. एका आकड्याची खातरजमा तिने माझ्याकडून करून घेतल्याची ही लग्नानंतरची पहिली वेळ.

दिवस भरल्यावर सून केंद्रातच बाळंत झाली. सकाळी सव्वादहाला, मुलगी, दोन किलो सहाशे ग्रॅम. बायको दुपारी जेवायला आली तेव्हा रजिस्टर सोबत होतं, ते पुरं करायचं राहिलं होतं. 'रक्तस्राव' या रकान्यात तिने 'सामान्य' असं लिहिलं होतं. आकड्याच्या रकान्यात शब्द लिहिलेला मला चालत नाही, आमच्या कार्यालयात अशा नोंदी मी परत पाठवतो. मी वाटीत आमटी वाढली आणि ती वाटी तिच्याकडे सरकवली.